औंदा बेट पक्कं

सकाळी दुधाचा पहिला कॅन उघडायच्या आधी आमचे सेक्रेटरी अंगठा जिभेला लावायचे, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान थोडंसं वर उचलायचे आणि मान वाकडी करून खालचा पुढचा महिना बघायचे. चोरून बघितल्यासारखं. मग पान सोडून द्यायचे आणि वळून म्हणायचे, "औंदा बेट पक्कं!"

दुधाच्या रांगेतली माणसं हसायची. कोणी म्हणायचं, "मागल्या साली बी पक्कंच होतं की." सेक्रेटरी त्याच्याकडं दुर्लक्ष करून त्याच्याच दुधात लॅक्टोमीटर सोडायचे. हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकलं, की एखाद्या सकाळी ते ऐकू आलं नाही तर दूध नासेल असं मला वाटायचं.

भूमपासून एस.टी.नं आत गेलं की उघड्या माळावर ते गाव. तिथल्या सहकारी दूध संस्थेचे ते सेक्रेटरी, आणि मी त्यांच्या हाताखाली दूध मोजून लिहिणारा. मी मूळचा बेंबळीचा. पोटासाठी तिकडं गेलो आणि तिकडचाच झालो. त्यांना आई-बापांनी ठेवलेलं चांगलं नाव होतं, पण ते वापरायची गावाला सवय नव्हती. लहानथोर सगळे 'शेक्रेटरी' म्हणायचे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, एरवी त्यांना नुसतं "अवो" म्हणायच्या. पण चिडल्या, की संस्थेच्या दारात येऊन सगळ्या माळाला ऐकू जाईल अशी हाक द्यायच्या, "अवो शेक्रेटरी!" मग आम्ही समजायचो, की आज काही खरं नाही.

संस्थेच्या खोलीत दोन कॅलेंडरं होती. एक तारखांसाठी, एक बेटासाठी. बेटाचं कॅलेंडर एका खतवाल्या दुकानानं फुकट वाटलेलं. त्याच्या तारखा कधीच्याच फाटून गेल्या होत्या, वरचं चित्र राहिलं होतं: निळं पाणी, मधोमध हिरवं बेट, काठाला नारळाची झाडं. गावातला एक फौजी अंदमानात नोकरीला होता. तो सुट्टीवर आला तेव्हा चित्र बघून म्हणाला, "हे तर आमचं अंदमान." खरंखोटं देव जाणे, पण सेक्रेटरींनी त्या दिवशी ठरवून टाकलं. काकूंना घेऊन अंदमानला जायचं.

आता तुम्ही म्हणाल, ठरवलं तर जावं माणसानं. पैशाचं त्यांनी बघून ठेवलं होतं. अडचण होती ती सवडीची. गावातून कुर्डुवाडी, तिथून रेल्वेनं मद्रास, मद्रासहून बोट, आणि बोटीतून कितीतरी दिवस नुसतं पाणी. जाऊन येऊन पंधरवड्याच्या वर जाणार. आणि म्हशीला काही पंधरा ऑगस्ट कळत नाही. ती दोन्ही वेळेला दूध देते, ते दोन्ही वेळेला घ्यावं लागतं. गावात खव्याच्या भट्ट्या होत्या. संस्थेचं दार एक वेळ जरी बंद राहिलं, तरी दूध भट्टीवर जायचं आणि एकदा गेलेला माणूस परत येईल याची खात्री नसायची. आधीची संस्था अशीच एका दिवाळीत बसली होती. ही दुसरी सेक्रेटरींनी घरोघर फिरून उभी केलेली. तिला ते पोटच्या पोरीसारखं जपायचे.

पण त्यांच्या डोक्यात एक युक्ती होती. ते म्हणायचे, "दूध काय, तू एकटा घेशील. घोर दुधाचा न्हाय, सरकारचा हाय. बँक, इन्स्पेक्टर, तालुक्याचं हापीस. ही समदी झोपलेली असली की सोसायटी एका माणसाला आवरती. सुट्टीला सुट्टी जोडून आली, की आमी सुटलो."

त्यामुळं सुट्ट्यांचा त्यांना भारी सोस. नवं कॅलेंडर आलं की आख्खं वर्ष ते उभ्या उभ्या वाचून काढायचे. एखादा सण रविवारी पडलेला दिसला, की "बुडाली!" म्हणायचे, आणि ते अशा आवाजात, की कोणाची म्हैस मेली की काय असं वाटावं. ईद कधी धरायची हे ते कॅन न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्याला विचारायचे. तो दरवर्षी म्हणायचा, "चांद तो दिखने देव, शेक्रेटरीसाब." यावर सेक्रेटरी हळहळायचे. चंद्रानंसुद्धा आधी कळवायला पाहिजे, असं त्यांचं मत होतं.

आणि इथंच सगळं अडायचं. सरकार झोपतं ते सणाला. आणि सणाला काकू घर सोडायच्या नाहीत.

त्यांचं हे भांडण मी संस्थेच्या ओट्यावर बसून कितीदा ऐकलंय. सेक्रेटरी आधी गोडीत सुरुवात करायचे.

"अगं, औंदा गौरी लई बेस आल्यात. मागं बंद, पुढं बंद. मधी एक दिवस रजा टाकली की झालं."

"गौरी येत्यात, आन् म्या जाते? पाव्हणीला काय दाराचं कुलूप दावू?"

"मग दसऱ्याला जाऊ."

"घटापाशी दिवा असतोय नऊ दिस. त्येला त्याल कोण घालंल? तुमचं बेट?"

नागपंचमीला माहेर. पोळ्याला बैल. संक्रांतीला वाण. येळवसीला तर विचारायचीच सोय नव्हती. बाहेरच्यांना ही येळवस ठाऊक नसते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं गावंच्या गावं घराला कडी लावून शेतात जातात, कडब्याची खोप करून पांडव पूजतात, ज्वारीची आंबील आणि भजी खाऊन संध्याकाळी परततात. त्या दिवशी ताक-दूध सगळं घरच्या आंबिलीला लागतं, म्हणून संस्थेत जेमतेम कॅनभर दूध यायचं. सेक्रेटरींना आख्ख्या वर्षात मोकळा असा तेवढाच दिवस. तो काकू त्यांना शेतात बसवून आंबील पाजण्यात घालवायच्या.

एकदा मी सहज बोलून गेलो, "काकू, तुम्हाला बघायचंच नाही का बेट?"

"बघून काय करू? तिथं काय पेरायचंय का?" काकू म्हणाल्या. "ह्येंना समुद्राचं याड लागलंय. घरात नळ आणा म्हनावं आधी."

मलाही मग ते वेडच वाटायला लागलं. तोंडावर हसायचो नाही, पण मनात हसायचो. पुढं एका उन्हाळ्यात टेम्पो वाटेत बंद पडला आणि कॅन उन्हात तापू नयेत म्हणून आम्ही दोघं त्यांच्यावर ओली पोती टाकत बसलो होतो, तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं.

बहात्तरच्या दुष्काळात दोघं नवरा-बायको पाझर तलावाच्या कामावर होते. काकू दिवसभर खडी फोडायच्या आणि काम सुटलं की कळशी घेऊन दुसऱ्या गावच्या विहिरीवर जायच्या. तिथं पोहऱ्यानं पाणी खरवडून काढायचं, कळशी भरली की परत. एकदा अशाच दमून आल्या, कळशी उतरवली आणि बसल्या बसल्या म्हणाल्या, "एकदा आसं पाणी बघायचंय, जिथं भांडं घिऊन जायचं न्हाय." एवढं बोलून भिंतीला टेकल्या आणि झोपूनच गेल्या.

"मग काकूंना सांगा की, की त्यासाठी नेतोय म्हणून," मी म्हणालो.

"ती इसरली. दमलेलं मानूस बोलतंय आन् इसरतंय." सेक्रेटरींनी पोतं पिळलं. "ऐकनाऱ्यानं इसरायचं नसतंय. आन् आधी सांगून ठिवलं, आन् जमलं न्हाय, तर? तू बी बोलू नगंस."

त्यानंतर मी कधी मनातही हसलो नाही.

एका वर्षी दिवाळी जमता जमता राहिली. आमच्या संचालकांपैकी एक दादा बौद्ध वस्तीतले. सगळ्या संचालकांत दुधाचं फॅट काढायच्या यंत्राला हात लावायची परवानगी सेक्रेटरींनी फक्त त्यांना दिलेली. दादा स्वतःहून म्हणाले, "शेक्रेटरी, दिवाळीचं माझ्या घरी काय आडत न्हाय. तुमी जावा बेटावर, दूध मी अन् हा मिळून बघतो. चौदा एप्रिलला मला मोकळं सोडा, म्हंजे झालं." सेक्रेटरींनी दादांचे दोन्ही हात धरले. काकूही नाही म्हणता म्हणता नरमल्या. लक्ष्मीपूजन उरकून निघायचं ठरलं. आणि पिशव्या भरत असताना सेक्रेटरींची थोरली बहीण नातवंडांसकट एस.टी.तून उतरली. भाऊबीजेला आली होती. "लई वर्सं झाली, म्हनलं औंदा भावाला ओवाळावंच," असं ती मोठ्या प्रेमानं म्हणाली. सेक्रेटरींनी पाटावर बसून ओवाळून घेतलं. त्यांचं तोंड तेव्हा बघण्यासारखं होतं.

पण खरी मजा त्याच्यापुढच्या वर्षी झाली. सेक्रेटरींना अखेर फट सापडली होती. येळवस झाली की संक्रांतीपर्यंत काकूंना कुठला सण नाही. त्या वर्षी त्या फटीत नाताळ होता, त्याला लागून रविवार होता, आणखी कुठली कुठली सुट्टी होती. काकूंना कारण सापडेना. त्यांनी दशम्या केल्या, शेंगाची चटणी कुटली, ट्रंक काढली. सेक्रेटरींनी संचालकांच्या बैठकीत उभं राहून रजा मागितली. "अंदमानला जाऊन येतो," म्हणाले.

बैठकीच्या खोलीबाहेर चेअरमनची म्हातारी आई ऊन खात बसली होती. तिला कमी ऐकू यायचं, पण एवढं ऐकू आलं. तिनं शेजारच्या बाईला विचारलं, "अंदमान म्हंजे काळं पाणीच न्हवं का गं?" बाई म्हणाली, व्हय. म्हातारीनं कपाळाला हात लावला आणि दारातून आत डोकावून सेक्रेटरींना विचारलं, "किती वर्साची झाली रं, बाबा?"

आम्ही पोट धरून हसलो. आमचं हसून होईपर्यंत बातमी गावभर झाली होती. शेक्रेटरीला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आता सोसायटीच्या सेक्रेटरीला शिक्षा होते ती कशानं, हे सहकारातल्या माणसाला सांगावं लागत नाही. संध्याकाळी निम्मं दूध भट्टीवर गेलं. जे आले ते कॅन हातातच धरून उभे. "आधी हिशेब दावा," एकानं म्हटलं.

"अरे, शिक्षा न्हाय! हौसंनं चाललोय!" सेक्रेटरी ओरडले.

"हौसंनं कोण जातंय काळ्या पाण्याला?" तो म्हणाला.

ट्रंक परत माळ्यावर गेली. आपण गेलो तर पळालो असंच होईल, हे सेक्रेटरींना कळत होतं. दोन्ही वेळेला ते दारात खुर्ची टाकून बसायला लागले, लोकांनी आपल्याला बघावं म्हणून. हळूहळू भट्टीवर गेलेलं दूध परत आलं. काकू एक दिवस डबा घेऊन संस्थेत आल्या. मला वाटलं, आता "अवो शेक्रेटरी" होणार. पण त्यांनी रांगेतल्या एकेकाच्या हातावर दशमी ठेवली. "खावा. बेटावरच्या हाईत," म्हणाल्या. हिशेब मागणाऱ्याला त्यांनी दोन दिल्या. तो खाली मान घालून खात होता, आणि सेक्रेटरी काचेच्या नळीतलं फॅट डोळ्यांसमोर धरून उगाच जास्तच वेळ बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कॅलेंडरचं पान उचललं. "औंदा न्हाय झालं. पर पुढल्या साली दोन सुट्ट्या रविवारातनं सुटल्यात," म्हणाले.

अशी वर्षं गेली. पाऊस कधी आला, कधी नाही. संस्था वाढली, पक्की इमारत झाली. तिथंही सेक्रेटरींनी दोन्ही कॅलेंडरं शेजारी शेजारी टांगली. बेटाच्या चित्राचा निळा रंग उडून पांढुरका झाला होता. नंतरच्या एका आषाढात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. बार्शीला दवाखान्यात नेलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी दुधाचं विचारलं, दादा येतात का विचारलं, आणि मग हळूच म्हणाले, "औंदा नागपंचमी कवा हाय रे?" मी तारीख सांगितली. त्यांनी डोळे मिटून काहीतरी हिशेब केला आणि मान हलवली. नागपंचमी त्यांनी बघितली नाही.

मला फार वाईट वाटलं. सकाळी संस्था उघडायची, कॅन उघडायचा, आणि कोणी काही म्हणायचं नाही. रांगेतली माणसंही त्या भिंतीकडं बघायची नाहीत.

घरातलं माणूस गेलं की आमच्याकडं वर्षभर त्या घरात सण होत नाही. त्या साली काकू पंचमीला माहेरी गेल्या नाहीत. गौरी बसल्या नाहीत. घट भावकीत बसले. दिवाळीला दारात पणती लागली नाही, थोरली वन्सं भाऊबीजेला कोणाकडं येणार? मी अधूनमधून घरी जायचो, काकू ओसरीवर बसलेल्या असायच्या. आयुष्यभर सणांच्या मागं धावलेली बाई, तिच्या हाताला कामच उरलं नव्हतं.

कार्तिक सरता सरता एका सकाळी त्या संस्थेत आल्या. दुधाची रांग होती, ती आपोआप बाजूला झाली. काकू सरळ भिंतीपाशी गेल्या. त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि कॅलेंडरचं पान उचललं. चोरून नाही, चांगलं वरपर्यंत उचलून धरलं आणि बघत राहिल्या. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं.

"लेकरा," त्या मला म्हणाल्या, "सरकार कवा झोपलेलं हाय ते बघ."

"काकू?"

"औंदा घरात सण न्हाय. समदं मोकळंच हाय. मला बेट दाव."

गावात कुजबुज झालीच. नवऱ्याला जाऊन वरीस झालं नाही आणि ही निघाली फिरायला. एका भावकीतल्यानं तोंडावर विचारलं. काकू म्हणाल्या, "सण करायचा न्हाय आसं हाय. समुद्र बघायचा न्हाय, आसं कुणी सांगितलंय?" मी आणि माझी बायको त्यांच्याबरोबर निघालो. दूध दादांनी अंगावर घेतलं. "त्येंना तर आपन कधी सोडलं न्हाय. वैनींना तरी जाऊ द्या," एवढंच ते म्हणाले.

घरून निघताना काकूंनी कळशी घेतली. समुद्राचं पाणी खारं असतं, प्यायला आपलं असावं, म्हणून गावच्या आडाचं पाणी भरून घेतलं. मद्रासपर्यंत ती कळशी आम्ही मांडीवर सांभाळत नेली. बोटीत आम्ही दोघं नवरा-बायको पहिल्या दिवसापासून आडवे. काकू मात्र वर कठड्यापाशी ताठ बसून असायच्या. कडेनं कोण काय बोलतंय ते त्यांना कळत नव्हतं आणि त्याची त्यांना फिकीरही नव्हती. येळवस त्या बोटीतच गेली. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "ह्या टायमाला शेतात आंबील चालली आसंल."

उतरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर जायला निघालो. काकूंनी सवयीनं रिकामी कळशी कमरेवर घेतली. माझी बायको म्हणाली, "काकू, ते पाणी भरायचं नाही. कळशी कशाला?" काकू ओशाळल्या आणि कळशी परत खोलीत ठेवून आल्या.

किनारा आला. चित्रात होतं तसंच होतं, फक्त रंग उडालेला नव्हता. डावीकडं पाणी, उजवीकडं पाणी, समोर तर नजर पोचेपर्यंत पाणीच. काकू वाळूतून चालत गेल्या, पाय भिजतील इतक्या आत गेल्या आणि थांबल्या. दोन्ही हात त्या नुसते हलवत होत्या. एकदा कमरेवर ठेवले, एकदा पदर सावरला, पुन्हा खाली सोडले. मग माझ्याकडं वळून त्या खुळ्यासारखं हसल्या.

"लेकरा, पाण्यावर आले आन् हातात भांडं न्हाय. कसंतरीच वाटतंय बघ."

बोलू नको, असं सेक्रेटरींनी बजावलं होतं, पण ते न जमलं तर म्हणून. आता जमलं होतं. मी काकूंना सांगितलं. दुष्काळातलं तळ्याचं काम, लांबची विहीर, भिंतीला टेकून त्या काय म्हणाल्या होत्या, सगळं.

"म्या? म्या आसं म्हनले?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. लाट आली, पायांवरून गेली, परत आली. "आन् म्या समजत हुते, त्येंनाच याड लागलंय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पदर खोचला, समुद्राकडं तोंड केलं, आणि संस्थेच्या दारात उभं राहून द्यायच्या तशी, सगळ्या माळाला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"अवो शेक्रेटरी! बघितलं हो पाणी!"

किनाऱ्यावरची माणसं वळून बघायला लागली. माझी बायको रडत होती. काकू उत्तर यायचं असल्यासारख्या तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या.